कॉलेजमध्ये नवीन आलात? माणसं आणि अभ्यास दोन्ही कसं जमवायचं, पायरी पायरीने

कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले की फर्स्ट इयरच्या बऱ्याच जणांना दोन काळज्या एकदमच लागतात. एक म्हणजे बाकी सगळ्यांचे ग्रुप झाले आणि मीच तेवढा बाहेर राहिलो, आणि दुसरी म्हणजे रोज लेक्चरला बसतोय पण डोक्यात काही राहत नाहीये. मग कोणी जबरदस्तीने सगळ्यांत मिसळायला बघतं आणि अभ्यास मागे पडतो, तर कोणी पुस्तकात डोकं खुपसून बसतं आणि सहा महिन्यांनी नोट्स मागायलासुद्धा कोणी ओळखीचं नसतं.

माझं म्हणणं असं की या दोन्हीला उपाय एकच आहे, थोडं थोडं पण परत परत भेटत राहणं, माणसांना पण आणि विषयाला पण. एका रात्रीत जिवलग मित्र होत नाही आणि एका रात्रीत विषय पण होत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच धाग्याला धरून आहे, आणि पायऱ्या साधारण त्याच क्रमाने घ्या, कारण पहिल्या दोन जमल्या की पुढच्या खूप सोप्या होतात.

पायरी १ : बसायची जागा आणि यायची वेळ पक्की करा

पहिल्या आठवड्यात बाकी काही जमलं नाही तरी चालेल पण हे कराच. वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत एक जागा धरा, रोज तिच्याच आसपास बसा, आणि तास सुरू व्हायच्या पाच-सात मिनिटं आधी पोचा, कानात इअरफोन न घालता. ऐकायला फारच साधं वाटतं, पण ओळखी व्हायला मोकळा वेळ हाच असतो, तास सुरू झाल्यावर बोलता येत नाही आणि संपल्यावर जो तो पळतो.

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली ते तपासलं होतं, १९५० मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात जास्त मैत्री शेजारच्या दाराशी झालेली, आणि खालच्या मजल्यावर जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर पण जास्त ओळखी, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर येतं, आधी रोज नजरेस पडणं येतं.

दुसरा प्रयोग तर मला फारच आवडतो. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या संशोधकांनी चार मुली एका कोर्सच्या वर्गात बसायला पाठवायचं ठरवलं. एक कधीच गेली नाही, एक ५ वेळा, एक १० वेळा आणि एक १५ वेळा गेली, आणि कोणीच वर्गात कोणाशी बोलायचं नाही अशी अट होती. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा येऊन बसली होती ती जास्त आवडली. एक शब्द न बोलता! त्यामुळे तुम्ही लाजरे असाल, पटकन बोलता येत नसेल, तरी घाबरू नका, नुसतं नियमित येऊन त्याच कोपऱ्यात बसलात तरी तुमचं अर्धं काम आपोआप चालू असतं.

पायरी २ : पहिलं वाक्य छोटं आणि कामाचं ठेवा

ओळख करून घ्यायला भारी काही बोलावं लागतं हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. "कालच्या तासाला होतास का? शेवटचं उदाहरण माझं अर्धं राहिलंय" एवढं पुरतं. किंवा "ही प्रॅक्टिकलची फाइल कधी द्यायची आहे माहितीये का?" असं विचारलं की समोरच्यालाही बरं वाटतं कारण त्यालाही कोणाशी तरी बोलायचंच असतं, तोही नवीनच आहे ना. मग नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारा. याने काय फरक पडतो ते एकदा करून बघाच, आपलं नाव कोणीतरी लक्षात ठेवलंय हे कोणालाही आवडतं. नावं विसरत असाल तर घरी जाऊन फोनमध्ये लिहून ठेवा, नाव आणि पुढे एक खूण, म्हणजे "चष्मा, बुद्धिबळ खेळते" असं काहीतरी.

बोलून झाल्यावर डोक्यात जे सुरू होतं ना, मी काय बावळटासारखं बोललो, त्याला काय वाटलं असेल, ते फार मनावर घेऊ नका. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी नव्याने भेटलेल्या लोकांची बोलणी तपासली, त्यात लोकांना वाटत होतं त्यापेक्षा समोरच्याला ते जास्त आवडले होते, आणि एकाच हॉस्टेलच्या खोलीत राहायला आलेल्या विद्यार्थ्यांच्यात हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला. म्हणजे समोरची व्यक्ती पण तिकडे हाच विचार करत बसलेली असते की मी काय बोलले.

तसंच कपडे, बोलण्याची पद्धत, एखादा अडखळलेला शब्द. टॉम गिलोविच यांच्या २००० सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी तो पाहिलाच असणार, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. लोक स्वतःमध्येच गुंतलेले असतात, तुमच्याकडे बघायला त्यांना वेळ नसतो.

पायरी ३ : मैत्रीला वेळ द्या आणि पहिल्या ग्रुपला चिकटून बसू नका

पहिल्या पंधरा दिवसांत जे ग्रुप होतात ते बहुतेक वेळा सोयीने झालेले असतात, एका शाळेचे, एका भाषेचे, एका बसचे. त्यात असलात तर छान, नसलात तर काही बिघडत नाही, कारण सहामाही संपेपर्यंत त्यातले बरेचसे फुटतात आणि नव्याने जुळतात.

जेफ्री हॉल नावाच्या कॅन्सस विद्यापीठातल्या प्राध्यापकाने मैत्रीला किती तास लागतात याचा अंदाज काढलाय, नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, चांगला मित्र म्हणावं इथपर्यंत ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आणि यात एक महत्त्वाची गोष्ट आहे, कामानिमित्त किंवा वर्गात एकत्र घालवलेला वेळ तेवढा धरता येत नाही, मोकळ्या गप्पा, एकत्र फिरणं, खेळणं असा वेळ धरायचा. आता हिशेब करा, आठवड्यातून तीन-चार तास जरी कोणाबरोबर मोकळे घालवले तरी साध्या मैत्रीलाच तीन-चार महिने जातात. मग दुसऱ्या आठवड्यात "माझं इथे कोणी नाही" म्हणून रडू येणं साहजिक असलं तरी त्यावरून पुढच्या तीन-चार वर्षांचा निकाल लावू नका.

म्हणून एखादी अशी गोष्ट धरा जी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी होतेच. नाटकाचा ग्रुप असेल, एखादा खेळ, वादविवाद, ट्रेकिंग, रक्तदान शिबिराची टीम, काहीही, पण एकच किंवा फार तर दोन. पहिल्या उत्साहात सहा क्लबात नाव घालणारे दुसऱ्या महिन्यात एकातही दिसत नाहीत हे सगळीकडचं चित्र आहे. एका ठिकाणी सलग जात राहिलात की तुम्हाला वेगळं काही न करता तास साठत जातात.

आणि जे फक्त "काय, कसं काय" पुरते ओळखीचे असतात त्यांनाही जपा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा प्रसिद्ध लेख यावरच आहे, नोकरीबिकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्राकडून न येता अशा लांबच्या ओळखीतून येते, कारण जिवलगाला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहिती आहे. इंटर्नशिप, स्कॉलरशिप, जुन्या प्रश्नपत्रिका, याचं पण तसंच आहे.

पायरी ४ : वहीचं पान असं आखा

नोट्सचा विषय निघाला की प्रत्येकाची वेगळी पद्धत असते, पण नवीन माणसाला एकच सांगायची तर मी कॉर्नेल पद्धत सांगेन, वॉल्टर पॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात ती बसवली. पानाच्या डाव्या बाजूला दोन-अडीच इंचांची पट्टी सोडा, खाली चार-पाच ओळी सोडा, उरलेल्या मोठ्या भागात तासाला नोट्स काढा. तास चालू असताना डावी पट्टी आणि खालचा भाग कोराच राहतो.

खरा फायदा पुढे आहे. त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं काढायची, आणि डाव्या पट्टीत त्या त्या मजकुराचे प्रश्न लिहायचे. समजा उजवीकडे मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) लिहिलीये, तर डावीकडे लिहा "किंमत वाढली तरी औषधाची मागणी फारशी का कमी होत नाही?" मग खाली त्या पानाचं सार दोन ओळीत, स्वतःच्या शब्दात. संपलं. पुढच्या वेळी अभ्यासाला बसलात की उजवा भाग हाताने झाकायचा आणि डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारायचे.

त्याच दिवशी का, उद्या का नको? कारण विसरणं सगळ्यात जोरात सुरुवातीलाच होतं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून, ठरावीक वेळाने परत तपासून हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, पहिल्या काही तासांतच मोठी घसरण होते आणि मग तिचा वेग कमी होतो. दहा मिनिटं आज दिलीत तर परीक्षेच्या आधी तोच धडा नव्याने शिकायला लागत नाही.

लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांसाठी एकच विनंती, दुसरी टॅब उघडू नका, आणि हे फक्त तुमच्यासाठी सांगत नाहीये. २०१३ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला, त्यात जे तासाला लॅपटॉपवर इतर उद्योग करत होते त्यांचे मार्क तर घसरलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती त्या मागच्या बाकावरच्यांचेही घसरले. तुमच्या स्क्रोलिंगने मागच्याचा तास जातो, हे लक्षात ठेवा.

पायरी ५ : वाचू नका, आठवा

या सगळ्यात मला सगळ्यात कळकळीने काही सांगायचं असेल तर ही पायरी आहे, कारण इथे मेहनती पोरं सुद्धा फसतात. तोच धडा चार वेळा वाचायचा, पिवळ्या मार्करने अर्धं पुस्तक रंगवायचं, आणि पान ओळखीचं वाटायला लागलं की आलं असं समजायचं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेपरात कोणी पान समोर धरत नाही.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, आणि चांगल्या फरकाने. परत वाचणं फसवं का वाटतं ते यातूनच कळतं, लगेच बघितलं तर ते खरंच चांगलं दिसतं. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या तेव्हाही मार्कर मारणं आणि परत परत वाचणं खालच्या गटात गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं हे दोनच सगळ्यात वर आले.

प्रत्यक्षात करायचं काय? एक कोरा कागद घ्या, वर टॉपिकचं नाव लिहा, पुस्तक लांब ठेवा आणि लिहायला लागा. व्याख्या, कारण, सूत्र, आकृती, स्वतःचं एक उदाहरण. कुठेतरी पेन अडतंच. तिथे एक गोल करा आणि पुढे जा, लगेच पुस्तक उघडायची घाई नको, एखादं मिनिट अडून राहा, त्या अडण्यातच शिकणं होतं. मग शेवटी पुस्तक उघडून फक्त गोल केलेल्या जागा वेगळ्या रंगाने भरा. तोच कागद परत उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी गोल कमी होत जातात आणि वेळही कमी लागतो. सुरुवातीला हे त्रासदायक वाटतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटून वाईटही वाटतं, पण ते आज घरी कळलेलं परवडतं.

पायरी ६ : ग्रुप स्टडी आणि ग्रुप प्रोजेक्ट

ग्रुप स्टडी तीन-चार जणांचा बरा, त्याच्या वर गेला की गप्पांचा होतो. एक नियम पक्का ठेवा, यायच्या आधी प्रत्येकाने एकट्याने प्रयत्न केलेला असला पाहिजे. मग एकेकाने एकेक टॉपिक बाकीच्यांना शिकवायचा, वही न बघता. शिकवताना जिथे अडखळता ते तुमचं कच्चं, आणि ऐकणाऱ्याने "का?" विचारायचं, नुसती मान हलवायची नाही.

प्रोजेक्टची गोष्ट वेगळी, तिथे मैत्र्या तुटतात. रिंगेलमान या फ्रेंच इंजिनिअरने दोरी ओढणाऱ्या माणसांवर मोजमाप केली होती, १९१३ मध्ये ती छापली गेली, जितकी माणसं वाढवली तितका एकेकाचा जोर कमी होत गेला. माणसं मुद्दाम आळशीपणा करतात असं नेहमीच नसतं, माझा वाटा कुठला हेच ठरलेलं नसतं. म्हणून पहिल्याच मीटिंगनंतर ग्रुपवर असा मेसेज टाका, आणि कोणी लीडर होईल याची वाट बघू नका:

"आज ठरलं ते असं. सर्व्हेचे प्रश्न मी करते, शुक्रवारपर्यंत. माहिती गोळा करणं तुम्ही दोघं, पुढच्या बुधवारपर्यंत. स्लाइड्स तू. काही अडलं तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे वाटून घेता येईल. काही चुकलं असेल तर आत्ताच बोला."

नाव, काम, तारीख, बस. कोणी गायब झालं तर आधी त्याला एकट्याला मेसेज करा, ग्रुपवर सगळ्यांसमोर जाब विचारू नका, घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. तरीही उत्तर नाही आलं तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता शिक्षकांना सांगा, ती चुगली होत नाही.

पायरी ७ : सर-मॅडमशी बोला

कॉलेजमध्ये शिक्षक स्वतःहून मागे लागत नाहीत, विचारायला आपण जायचं असतं, आणि बहुतेक शिक्षकांना विचारलेलं आवडतं, फक्त तयारी करून विचारलेलं आवडतं. "सर, काहीच कळलं नाही" याला उत्तर देणं कोणालाही अवघड आहे. त्याऐवजी असं लिहा किंवा बोला:

"नमस्कार मॅडम, मी प्रथम वर्षाच्या अ वर्गात आहे. सोमवारच्या तासातलं दुसरं उदाहरण मी सोडवून बघितलं, तिसऱ्या पायरीपर्यंत आलं पण तिथे चिन्ह का बदलतं ते कळलं नाही. माझ्या वहीचा फोटो जोडलाय. तुम्हाला कधी वेळ असेल तेव्हा पाच मिनिटं येऊ का?"

मेसेज रात्री उशिरा पाठवू नका, उत्तर आलं की धन्यवाद लिहा, आणि पुढच्या तासाला दिसलात तर "जमलं मॅडम" एवढं सांगा. पुढे शिफारसपत्र लागतं तेव्हा ज्यांना तुमचा चेहरा माहिती आहे तेच शिक्षक चार ओळी मनापासून लिहू शकतात.

पायरी ८ : वेळ आणि झोप

असाइनमेंटला किती वेळ लागेल हा आपला अंदाज जवळपास नेहमी कमी निघतो. १९९४ मध्ये ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना कधी संपेल ते विचारलं, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, लागले सरासरी ५५. त्यामुळे जे डोक्यात येईल त्याची दीडपट करून मगच तारीख धरा. आणि मिळालेल्या दिवशीच दहा मिनिटं बसून निदान हेडिंग आणि पहिल्या दोन ओळी लिहून टाका, कोऱ्या फाइलची भीती तिथेच निम्मी होते.

झोपेच्या बाबतीत घासाघीस करू नका. १८ ते २५ वयाला ७ ते ९ तास लागतात, आणि दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं, त्यामुळे रात्र जागून केलेला अभ्यास एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने टाकतो. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी उशिरा घेतलेलं झोपायच्या वेळीही बरंचसं शिल्लक असतं.

पायरी ९ : नाही म्हणणं, आणि खटके उडाले तर

रूममेट असेल तर पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी बोलून घ्या, दिवा किती वाजता बंद, खोलीत कोण आणि कधी येणार, कुठल्या वस्तू न विचारता घ्यायच्या नाहीत, आणि सफाई कोणाची कधी. भांडण व्हायच्या आधी हे बोलणं सोपं असतं, नंतर प्रत्येक वाक्य टोमणा वाटतं.

असाइनमेंट कॉपी करायला मागितली, दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावायला सांगितली, तर हसून पण स्पष्ट सांगा, "लिहिलेलं देत नाही रे, पण ये, अर्ध्या तासात तुला समजावून सांगते." जो खरा अडलेला असतो तो येतो. जो रागावतो तो थोड्या दिवसांनी परत नीट बोलायला लागतो, आणि नाही लागला तरी तुमचं काही गेलेलं नसतं. नोट्स मात्र मोकळ्या मनाने द्या, आजारी पडलेल्याला तर न मागता द्या. वर्गातलं कोणी सलग दोन-तीन दिवस दिसलं नाही तर "बरा आहेस ना? फोटो पाठवू का?" असा मेसेज टाका.

आणि तुम्हीच ते न दिसणारे असाल, सकाळी उठवत नसेल, जेवण जात नसेल, दोन आठवडे झाले तरी मन कशातच लागत नसेल, तर निकालाची वाट बघत बसू नका. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर ज्या शिक्षकांशी थोडं बोलणं झालंय त्यांना गाठा, घरच्यांना सांगा, डॉक्टरांना भेटा. सगळं नीट मांडून सांगता आलं पाहिजे असं काही नाही, "मला काही दिवसांपासून जमत नाहीये, थोडं बोलायचंय" एवढं म्हटलंत तरी चालतं.